वहीतला कोरा रकाना

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात):

मी २७ वर्षांची, धुळ्यात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. माहेर नवापूर तालुक्यात, आजोबांच्या वेळेपासून आमचं घर ख्रिस्ती. इथे मी ज्या मंडळीत (चर्चमध्ये) जाते तिथे जानेवारीत पाळकसाहेबांनी प्रत्येकाला एक वही दिली. पहिल्या रकान्यात ज्याला सुवार्ता सांगितली त्याचं नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात 'निर्णय', म्हणजे त्यानं प्रभूला स्वीकारलं की नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही पुढे नेऊन दाखवायची. माझी अजून कोरी आहे.

पावसाळ्यात आमच्या वॉर्डात साक्री तालुक्यातल्या एक आजी न्यूमोनियानं ॲडमिट होत्या. नाइट ड्यूटीला मी बसल्या जागी डोळे मिटून प्रार्थना करते, ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "पोरी, तू जे डोया मिटीसन करस ना, ते मनाकरता बी कर." म्हणजे माझ्याकरताही कर. मी केली. बाराव्या दिवशी आजी घरी गेल्या. महिन्याभरानं त्यांचा मुलगा डबाभर बिबड्या (ज्वारीचे पापड) घेऊन आला, आईनं घरी बोलावलंय म्हणाला. हे मी घरसभेत सहज बोलून गेले. आता पाळकसाहेब म्हणतात, उपकारस्तुतीच्या उपासनेत ही साक्ष व्यासपीठावरून दे, आजींचं नाव-गाव सांग, जमलं तर त्यांना घेऊन ये, आपण व्हिडिओ करू. मला नको वाटतं. पण मग मला प्रभूची लाज वाटते का? दवाखान्यात मी ख्रिस्ती आहे हे फार कुणाला माहीत नाही. रविवारची सुट्टी मागताना 'घरी काम आहे' एवढंच सांगते. डबा अजून माझ्याकडेच पडून आहे. काका, मी काय करू?

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम. काका म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करतो.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुझ्या पाळकसाहेबांचा राग आला. दुसऱ्या वाचनात तुझ्याच एका वाक्याशी अडलो. त्या वाक्याकडे नंतर येतो. आधी 'साक्ष' या शब्दाकडे जाऊ, कारण त्या शब्दावर मी आयुष्यभर पोट भरलंय.

एकतीस वर्षं मी कोर्टात कारकून होतो. सुरुवात नंदुरबारला, तेव्हा तो धुळे जिल्ह्यातलाच तालुका होता, मग शिरपूर, शेवटी धुळे. साहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून किती साक्षी ऐकल्या त्याची गणती नाही. पढवलेला साक्षीदार पिंजऱ्यात चढला की आम्हा कारकुनांना दोन मिनिटांत कळायचं. तो विचारलेल्यापेक्षा जास्त सांगतो. वार, वेळ, समोरच्याच्या सदऱ्याचा रंग, सगळं घडाघडा. आणि उलटतपासात वकिलानं एखादा साधाच प्रश्न विचारला की त्याची बोबडी वळते. खरा साक्षीदार चाचरतो, पाणी मागतो, आणि म्हणतो, "साहेब, मी एवढंच पाहिलं. पुढचं मला ठाऊक नाही." साहेबलोकांचा भरवसा बसायचा तो अशाच माणसावर. आणि एखादी बाई पिंजऱ्यात उभी राहून 'माझ्या नवऱ्यानं पाहिलं की...' म्हणायला लागली, की साहेब हात वर करायचे. नवऱ्यानं पाहिलं ना, मग नवऱ्याला बोलवा.

वॉर्डातली ती रात्र तू पाहिलीस. आजी तुला काय म्हणाल्या, तू काय मागितलंस, तुझ्या पोटात किती गोळा आला होता, हे सगळं तुझं. पण आजींचा आजार, त्यांचं नाव, त्यांचं गाव, आपल्याला कुणी बरं केलं असं त्यांना वाटतं, हे आजींचं. ते सांगायचं की नाही, कुणापुढे सांगायचं, हे त्या ठरवतील. तू नाही, मी नाही, पाळकसाहेबही नाहीत.

मार्काचं शुभवर्तमान काढ. पहिल्या अध्यायाच्या शेवटी कुष्ठरोगी शुद्ध होतो. येशू त्याला बजावतो, कुणाला काही बोलू नकोस, जाऊन याजकाला दाखव. तो ऐकत नाही, गावभर करतो, आणि मग येशूला उघडपणे गावात शिरता येईना, ओसाड जागी राहावं लागलं. पाचव्या अध्यायात नेमकं उलट. गरसेकरांच्या मुलखात थडग्यांमध्ये राहणारा माणूस बरा होतो, तुमच्याबरोबर येऊ द्या म्हणतो, आणि त्याला सांगितलं जातं, घरी जा, आपल्या माणसांना सांग. एकाला गप्प राहा, दुसऱ्याला बोल. यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय, त्यात मी पडत नाही. मला कारकुनाला एवढंच दिसतं, की बोलायचं की गप्प बसायचं हे ज्याचं दुखणं त्यालाच सांगितलं. शिष्यांना 'तुम्ही जाऊन याची गोष्ट सांगा' असं म्हटलं नाही. आणि या दोघांचीही नावं मार्कानं लिहिलेली नाहीत.

नर्सिंगला असताना हातात दिवा घेऊन शपथ घेतली असशील. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं ओळखली जाते ती. कामात रुग्णाविषयी, त्याच्या घराविषयी जे कळेल ते आपल्याजवळच ठेवीन, हे त्या शपथेत आहे. कोर्टातल्या शपथेपेक्षा ती तसूभरही हलकी नाही. व्हिडिओचा तर प्रश्नच येत नाही. सकाळच्या उपासनेतला व्हिडिओ संध्याकाळी साक्री तालुक्यातल्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत असेल. दवाखान्यात म्हातारीला काय केलं, असं कुणीतरी विचारील. श्रावणात कानबाईचे, आपल्या खान्देशातल्या देवीचे, रोट भाऊबंदकीनं एकत्र बसून खायचे असतात. त्या पंगतीत आजींकडे कुणी तिरक्या नजरेनं पाहिलं, तर ती नजर तुझ्या साक्षीनं आणलेली असेल. म्हातारीनं तुझ्याकडे प्रार्थना मागितली होती, एवढंच. ही किंमत मोजायला ती कधी कबूल झाली?

आणखी एक. आजी प्रार्थनेनं बऱ्या झाल्या एवढंच व्यासपीठावरून सांगणं म्हणजे अर्धी साक्ष. अँटिबायोटिक वेळेवर कुणी दिलं? ऑक्सिजन कुणी तपासत राहिलं, कूस कुणी बदलून दिली? तूच ना? देवानं बरं केलं असं तू मानतेस, मीही मानतो. पण डॉक्टरांच्या आणि तुझ्या हातून केलं, हे गाळलंस तर मागच्या बाकावरची एखादी आई घरी जाऊन पोराची औषधं बंद करील. मी असं घडलेलं पाहिलंय. जास्त लिहीत नाही. नवापूरच्या मुलीला हे सांगायला नको खरं तर. तुमच्याकडच्या चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात प्रार्थनाही होते आणि इंजेक्शनही टोचतात.

आता वहीकडे. ती कोरी राहिली म्हणून तू स्वतःला दोष देतेस, आणि माझं म्हणणं असं की वॉर्डात ती कोरी राहिली हेच बरं झालं. का, ते माझ्या एका फजितीवरून सांगतो.

शिरपूरला असताना मी तिशीतला. अंगात आवेश, आणि खिशात नेहमी दोन-तीन छोटे नवे करार. एक शेतकरी तारखेला यायचा, बांधाच्या भांडणाचा दावा होता. एका दुपारी मी त्याला नवा करार दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. त्या रात्री मी घरी उपकारस्तुती केली. पुढच्या तारखेला तो केळीची फणी घेऊन आला, माझ्या टेबलाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, पुस्तक वाची लिधं. आते तारीख जोडेनी द्या." म्हणजे आता जवळची तारीख द्या.

मी सुवार्ता दिली होती, त्यानं ती फी समजून भरली होती. त्याचं तरी काय चुकलं? ज्याची तारीख माझ्या टेबलावरून जाणार, त्यानं माझ्या हातचं पुस्तक नको कसं म्हणायचं? फणी मी परत केली. पुस्तक परत मागायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून ऑफिसच्या वेळात खिसा रिकामा ठेवला.

तुझ्या वॉर्डातला माणूस तर माझ्या शेतकऱ्याहून अडलेला. त्याची सुई तुझ्या हातात, बेडपॅन तुझ्या हातात. तो नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काही अर्थ नसतो. शाळेतल्या बाई, ग्रामसेवक, पतसंस्थेत कर्जाचे कागद पुढे सरकवणारा कारकून, अशा नोकऱ्यांतल्या आपल्या बऱ्याच जणांची पत्रं मला येतात. त्यांनाही मी हेच लिहितो: खुर्चीवर असताना आपण होऊन विषय काढू नका. खुर्चीवरून उठल्यावर, बरोबरीनं चहा पिताना, बोला की खुशाल.

तुझ्या आजींनी मात्र स्वतः विचारलं. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, आणि तेही सौम्यपणे. विचारणाऱ्याला! वहीत त्यासाठी रकानाच नाही. उद्या परत कुणी रुग्ण म्हणाला, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर कर. दोन वाक्यांची, हळू आवाजात, शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही अशी. नातेवाईक असतील तर त्यांच्या देखत. औषधाची वेळ झाली असेल तर आधी औषध. दवाखान्यानं असं करू नका म्हणून सांगितलं असेल, तर मनातल्या मनात. मनातली प्रार्थना कुणी बंद करू शकत नाही, आणि आजींनी पाहिली ती मनातलीच होती.

कायद्याचं तू विचारलं नाहीस, पण जुनी खोड जात नाही. घटनेच्या कलम २५ नं सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या 'प्रसार' शब्दाचा अर्थ लावला. आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगता येते, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. म्हणजे तुझ्या वहीतला तिसरा रकाना कायद्यानं तुझा नाही. आणि आपल्या शिकवणीनं तरी कुठे आहे? मन पालटणं पवित्र आत्म्याचं काम, असं दर रविवारी म्हणतो ना आपण? मग त्याच्या कामाची हजेरी आपण कशाला मांडायची?

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशानं नवा करार दिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांच्याच घरात पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. टिळकांसारखी वाणी, आणि घरातल्या एका माणसासाठी पाच वर्षं. त्यांच्या हातात अशी वही असती तर बायकोच्या नावापुढचा रकाना कोरा म्हणून दर महिन्याला पुढे जाऊन मान खाली घालावी लागली असती.

पाळकसाहेबांवरचा माझा राग मात्र दुसऱ्या वाचनात बराच उतरला. पाळकाच्याही डोक्यावर समिती असते. बाप्तिस्मे किती, घरसभा किती, वर्गणी किती, असं तिथे विचारतात. तरुण पोरं सुरतेला, दिवाळी झाली की तुमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत. रिकाम्या बाकांकडे बघून उपदेश करणाऱ्या माणसाला मोजायला काहीतरी लागतं. तेव्हा त्यांच्याशी भांडू नकोस. उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना हा विषय काढू नकोस, तिथे त्यांना सगळ्यांसमोर माघार घ्यावी लागेल. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी घरी जा, महिला मंडळातल्या एखाद्या जाणत्या बाईंना बरोबर घे. आणि सरळ सांग: "साक्ष मी देईन, पण माझी देईन. आजींचं नाव घेणार नाही, ओळख पटेल असं काही बोलणार नाही. नर्स म्हणून मला ते करता येत नाही." नोकरी जाईल, घरचे रागावतील, अशी कारणं पुढे करू नकोस. ती खरी असली तरी मुद्द्याची नाहीत, आणि पाळकसाहेब त्या कारणांना उत्तर शोधत बसतील.

वहीला पर्यायही सुचवून ये, नुसता नकार देऊन येऊ नकोस. मंडळीतलं कोण आजारी आहे, कोण ऊसतोडीला गेलंय आणि त्याची पोरं कुणाजवळ ठेवलीत, कुठल्या म्हाताऱ्या बाईंकडे महिनाभरात कुणी फिरकलं नाही, हे लिहायला वही फार कामाची. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत विधवा सुटत होत्या, तेव्हा त्या कामासाठी सात माणसं नेमली. तेव्हाच्या मंडळीलाही कोण सुटलं ते बघावं लागलंच की. पाळकसाहेब ऐकतील की नाही, सांगता येत नाही. नाही ऐकलं, तर कोरी वही दाखवायला जात जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ते वाक्य. रविवारची सुट्टी मागताना 'घरी काम आहे' सांगतेस.

इथे मात्र तुझा उलटतपास. आजींची गोष्ट माइकवरून सांगायला नको वाटतं, ती मी लाज समजत नाही. ती तुझ्या शपथेची जाण आहे, मग तुला ते शब्दांत मांडता आलं नसलं तरी. पण जिथे एका साध्या खऱ्या वाक्याची जागा होती, तिथे तू दर आठवड्याला दुसरंच वाक्य ठेवतेस. तुझी भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. ख्रिस्ती म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा हल्ली कसा बदलतो, हे मी बँकेच्या रांगेतही पाहतो. तरीही. सुट्टी मागण्यात तू कुणाला उपदेश करत नाहीस, कुणाच्या दुखण्याचा फायदा घेत नाहीस. फक्त तू कोण आहेस ते सांगायचंय.

पुढच्या महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक लागायच्या आधी मेट्रनना एकटं गाठ. म्हण, "मॅडम, मी ख्रिस्ती आहे, रविवारी सकाळी उपासनेला जाते. शक्य असेल तेव्हा ती सकाळ द्या. दिवाळीची, पोळ्याची, अखाजीची ड्यूटी मी घेईन." आणि खरंच घे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायला तुझ्या बरोबरच्या पोरी किती आसुसलेल्या असतात ते तू बघतेसच. ईदला कुणी सुट्टी मागितली तर तीही ड्यूटी घे. प्रत्येक रविवार मिळणार नाही. नाही मिळाला तर संध्याकाळची घरसभा आहे.

एवढं झालं की नर्सेसच्या खोलीत कुणीतरी विचारीलच, तुम्ही रविवारी करता काय? तेव्हासाठी दहा ओळी तयार ठेव. आधी त्या मावची बोलीत लिही, तुझ्या घरच्या आजीशी बोलतेस तशा. मग साध्या मराठीत आण. तारण, पश्चात्ताप, नवा जन्म हे शब्द आपल्याला पाठ आहेत, पण समोरच्या सिस्टरच्या कानाला ते सरकारी परिपत्रकासारखे लागतात. पहिल्या नाइट ड्यूटीला हात कापत होते तेव्हा तू काय म्हणालीस, कुणाला म्हणालीस, मग काय झालं. बस. उपकारस्तुतीच्या उपासनेतही याच दहा ओळी वाच, पाळकसाहेबांचाही मान राहील. 'पुढचं मला ठाऊक नाही' असं म्हणून खाली बसलीस तरी चालेल.

राहिला डबा. तो तुझ्याकडे पडून आहे, कारण आजींच्या घरी जायचं म्हणजे अर्धवट राहिलेलं काम उरकायला जायचं असं तुला वाटतंय. मग तू जातच नाहीस, आणि तिकडे म्हातारी वाट बघतेय. सुट्टीच्या दिवशी जा. मुलाला आधी फोन कर. एखादी मैत्रीण बरोबर असू दे, मंडळीतली चार माणसं नकोत. पत्रकं नेऊ नकोस. आजींचं बीपी मोजायलाही बसू नकोस, पाहुणी म्हणून जा. जेवायला वाढतील. शेवभाजी असली तर पाण्याचा तांब्या जवळ ओढून बस, साक्रीकडचं तिखट तुला झेपेल की नाही शंका आहे. देवापुढचं असेल तर काय, हे तुझ्या मनात येणारच. पौलानं करिंथकरांना लिहिलंय की वाढतील ते चौकशी न करता खा. कुणी मुद्दाम नैवेद्याचं म्हणून सांगितलं तरच राहू दे. अशा वेळी हात जोडून 'मला भाकरीच वाढा' म्हणालं की कुणी मनाला लावून घेत नाही.

आजी विचारतील, रातले मनाकरता तू तुना देवले काय सांगं? तेव्हा जे मागितलं होतंस तेच सांग. त्यात आज काही वाढवू नकोस. पुढे काही विचारलं तर उत्तर दे, नाही विचारलं तर बिबड्या कशा करतात ते शिकून ये.

आणि डबा रिकामा नेऊ नकोस. घरून नवापूरची तूरडाळ मागवून घे, डब्यात मावेल तेवढी.